फेरो बेटांची अर्धी गोष्ट

२०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत. आम्ही काही शिक्षक फोनवरून जमतील तसे वर्ग घेत होतो. बातम्या वाईट होत्या, मुले घाबरलेली होती. त्यांना धीर यावा म्हणून आम्ही शोधून शोधून चांगल्या बातम्या सांगत असू. त्यांतली एक होती फेरो बेटांची. उत्तर अटलांटिक महासागरातल्या या चिमुकल्या बेटांवर माशांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेने माणसांची तपासणी केली आणि १८७ जणांना लागण होऊनही एकही माणूस न गमावता साथ आटोक्यात आली. विज्ञानाचा विजय म्हणून आम्ही ही गोष्ट रंगवून सांगितली. ती ऐकून नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांनी बेट पुन्हा उघडलं तेव्हा काय झालं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या वेळी ते कोणापाशीच नव्हते. आज ते आहे, आणि ते पाहिल्यावर आम्ही सांगितलेली गोष्ट अर्धीच होती हे कबूल करावे लागते. जी अर्धी सांगितली तीही नीट सांगितली नव्हती. वर्गात विज्ञानाच्या यशाच्या गोष्टी आपण सगळेच सांगतो. म्हणून या एका गोष्टीची जरा चिकित्सा करून पाहू.

गोष्ट काय होती?

फेरो हा नॉर्वे आणि आइसलंड यांच्या दरम्यानचा १८ बेटांचा समूह. तो डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी १९४८ पासून अंतर्गत कारभार तिथले लोक स्वतःच पाहतात. २०२० मध्ये लोकसंख्या होती सुमारे ५२ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. विमानतळ एकच. निर्यात जवळजवळ सगळी मासळीची.

करोनाचा पहिला रुग्ण सापडला ३ मार्च २०२० रोजी. तो पॅरिसहून परतला होता. १२ मार्चला शाळा आणि सरकारी कचेऱ्या बंद करण्याची घोषणा झाली. बाहेरून येणाऱ्यांना १४ दिवस वेगळे राहण्यास सांगण्यात आले. प्रत्येक रुग्णाच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेतला गेला. यातले बरेचसे उपाय कायद्याच्या धाकाने राबवलेले नव्हते. त्या शिफारशी होत्या, आणि लोकांनी त्या पाळल्या. या लाटेतला शेवटचा रुग्ण २२ एप्रिलला नोंदला गेला. एकूण रुग्ण १८७, त्यांपैकी रुग्णालयात दाखल झालेले ८, मृत्यू शून्य. इथवरची माहिती बरोबर आहे. आमचे चुकले ते तिचा अर्थ लावताना. नकळत आम्ही तीन विधाने केली होती: बेट होते म्हणून जमले, एका हुशार शास्त्रज्ञाने वाचवले, आणि शून्य मृत्यू म्हणजे विजय. ती एकेक करून तपासू.

बेट होते म्हणून जमले?

हे विधान खोडायला फेरोचाच इतिहास पुरे आहे. १८४६ च्या मार्चअखेर कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने फेरोला आला आणि काही दिवसांतच त्याला गोवर उठला. त्या वेळी बेटांवर ७,७८२ माणसे राहत होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या सुमारे ६ हजार जणांना गोवर झाला. बेट होते, समुद्र होता, दळणवळण आजच्या मानाने नगण्य होते. तरीही दर चार माणसांतली तीन आजारी पडली.

डेन्मार्कच्या सरकारने पाठवलेल्या दोन डॉक्टरांपैकी एक होता पेटर लुडविग पानुम. वय पंचवीस. पुढच्या वर्षी त्याने या साथीवर जो अहवाल लिहिला तो साथरोगशास्त्रात आजही नमुना म्हणून वाचला जातो. का, ते एका उदाहरणावरून कळेल. ट्योर्नुविक नावाच्या गावातले दहा जण ४ जून रोजी वेस्टमान्ना येथे देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. लागण कधी झाली आणि पुरळ कधी उठले, हे दोन्ही दिवस पक्के माहीत. त्यांतले अंतर १४ दिवस. अशी उदाहरणे गावोगाव गोळा करून लागण आणि पुरळ यांमध्ये १३ ते १४ दिवस जातात, असे पानुमने दाखवले. मुंबईत किंवा कोपनहेगनमध्ये हे जमले नसते. गर्दीच्या शहरात माणसाला कोणापासून आणि कोणत्या दिवशी लागण झाली हे कसे सांगणार? फेरोच्या तुटक वस्त्यांनी पानुमला जणू एक तयार प्रयोगच मांडून दिला.

त्याचे दुसरे निरीक्षण याहून मोलाचे. फेरोवर त्याआधी गोवराची साथ आली होती १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. ज्यांना तेव्हा गोवर झाला होता असे ९८ वृद्ध पानुमला भेटले. त्यांतल्या एकालाही १८४६ मध्ये गोवर झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत बेटावर गोवर नव्हता. म्हणजे पुन्हा पुन्हा संपर्क येऊन प्रतिकारशक्ती टिकली असेही म्हणता येत नाही. गोवर एकदा होऊन गेला की जन्मभर संरक्षण मिळते, याचा इतका स्वच्छ पुरावा आजही दुसरीकडे मिळणे कठीण.

पानुमचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. पुरळ उठते त्या सुमारासच रोगी इतरांना लागण देतो, असे त्याला वाटले. पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून लागण होऊ शकते हे आज आपल्याला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट अहवालाच्या कौतुकात विसरली जाते. डॉक्टर पोचले तेव्हा साथ बरीच पसरून चुकली होती. विज्ञानाच्या पदरात पुष्कळ पडले, पण आजाऱ्यांच्या पदरात फारसे नाही. ज्या घरांनी आणि वस्त्यांनी आपण होऊन येणे-जाणे तोडले, ती मात्र वाचली. पानुमनेही हाच उपाय सर्वांत खात्रीचा म्हणून सांगितला.

बेटांच्या बाबतीत याहून कठोर धडा आहे सामोआचा. पॅसिफिक महासागरातील या द्वीपसमूहाचा पश्चिम भाग १९१८ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यात होता आणि पूर्व भाग अमेरिकेच्या. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'तालुने' हे जहाज पश्चिमेकडच्या आपिया बंदराला लागले. जहाजावर फ्लूचे रोगी होते, तरी प्रवाशांना उतरू दिले गेले. सुमारे ३८ हजार वस्तीपैकी साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मेली, म्हणजे पाचांतल्या एकाहून जास्त. तिथून जवळच असलेल्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक निर्बंध घातले. लोकांनीही किनाऱ्यावर पहारा ठेवला. तिथे या फ्लूने एकही माणूस मेला नाही. समुद्र तोच, माणसे त्याच वंशाची, विषाणू तोच. फरक पडला तो बंदरावर घेतलेल्या एका निर्णयाचा.

तेव्हा बेट असणे ही सोय आहे, संरक्षण नव्हे. दार एकच असेल तर ते लावणे सोपे जाते. पण ते लावावे मात्र लागते, आणि वेळेवर लावावे लागते.

एका शास्त्रज्ञाने वाचवले?

डेबेस क्रिश्चनसेन हे फेरोच्या मासे व जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. चीनमधल्या नव्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हाच आपली प्रयोगशाळा माणसांच्या तपासणीलाही वापरता येईल हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आधीच तयारी केली, लागणारी रसायने मागवली, आणि मार्चमध्ये दिवसाला सुमारे ६०० नमुने तपासण्याची सोय केली. पुढे जगभर त्या रसायनांचा तुटवडा पडला. थोड्याच आठवड्यांत दर दहा माणसांमागे सुमारे एकाची तपासणी फेरोत झाली होती.

हे श्रेय त्यांचेच आहे आणि ते द्यायलाच हवे. पण माशांची प्रयोगशाळा माणसांच्या कामी आली कशी, हे आम्ही मुलांना सांगितलेच नाही. खरे विज्ञान तर तिथेच होते. सॅमन माशांना संसर्गजन्य रक्तक्षय नावाचा रोग होतो. त्याचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या कुळातला. त्याची जनुकीय सामग्री आरएनएची असते. करोना विषाणूचीही आरएनएचीच. नमुन्यातल्या आरएनएपासून आधी डीएनए तयार करायचे आणि मग त्याचा ठरावीक तुकडा दुप्पट-चौपट करत मोजता येईल इतका वाढवायचा, ही पीसीआर तपासणीची रीत. तपासणीचे यंत्र विषाणू माशाचा की माणसाचा हे पाहत नाही. कोणता तुकडा शोधायचा एवढे बदलले की तेच यंत्र चालते.

मग इतक्या छोट्या देशात अशी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे होतीच का? कारण २००० नंतरच्या काही वर्षांत याच रोगाने फेरोचा सॅमन-पालनाचा धंदा जवळजवळ बुडवला होता. त्यातून कडक नियम आले आणि नियमित तपासणी आली. ठेच लागली, तिथून शहाणपण घेतले, आणि ते शहाणपण एका कायमच्या सार्वजनिक संस्थेत साठवून ठेवले. ही संस्था नसती तर जानेवारी २०२० मध्ये कितीही हुशार माणूस काय करू शकला असता? आपण मुलांना 'शास्त्रज्ञाला कल्पना सुचली' इथपर्यंत सांगतो. ती अमलात यायला वीस वर्षांची पूर्वतयारी लागते, हे सांगायचे राहून जाते.

शिवाय तपासणीने रोग बरा होत नाही. तपासणीनंतर रोग्याला वेगळे ठेवले, त्याच्या सहवासातल्यांना शोधले, आणि त्या लोकांनी खरेच घरी राहायचे मान्य केले, तरच तपासणीला अर्थ आहे. हे काम प्रयोगशाळेबाहेरच्या शेकडो माणसांनी केले.

शून्य मृत्यू म्हणजे काय?

आता तिसरे विधान. १८७ रुग्णांत एकही मृत्यू नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? समजा या रोगात शंभरात एक रुग्ण दगावतो. म्हणजे एक रुग्ण वाचण्याची शक्यता ०.९९. १८७ च्या १८७ रुग्ण वाचण्याची शक्यता काढायची तर ०.९९ ला स्वतःशी १८७ वेळा गुणावे लागेल. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित जरूर करून पाहावे. उत्तर येते सुमारे ०.१५. म्हणजे शंभरात एक दगावणारा रोग असूनही साधारण सातात एकदा, निव्वळ योगायोगाने, आपल्याला शून्य मृत्यू दिसतील. दोनशेत एक दगावतो असे धरले तर हीच शक्यता ०.३९ होते. प्रत्येक रुग्णाला सारखाच धोका आहे असे आपण इथे सोयीसाठी मानले. प्रत्यक्षात तो वयाप्रमाणे पुष्कळ बदलतो. तरी मुद्दा तोच राहतो. छोट्या आकड्यांतल्या शून्यावरून उपचार उत्तम होते असे सिद्ध होत नाही आणि रोग सौम्य होता असेही नाही. त्या काळात काही लोक हे शून्य दाखवून करोना म्हणजे साधी सर्दी आहे असे म्हणत होते. आम्ही तेच शून्य विजयाची खूण म्हणून दाखवत होतो. दोघांचीही चूक एकच होती.

असाच एक आकडा पुढच्या पाहणीतला. एप्रिलअखेर फेरोत यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,०७५ लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे शोधली. ती सापडली ६ जणांत, म्हणजे ०.६ टक्क्याच्या आसपास. ५२ हजारांना हे प्रमाण लावले तर सुमारे ३०० लोकांना लागण होऊन गेली असावी. नोंदलेले रुग्ण १८७. तेव्हा बहुतेक रुग्ण तपासणीत सापडले, दडलेली साथ मोठी नव्हती, हा निष्कर्ष योग्यच आहे. पण 'तीनशे' हा आकडा किती पक्का? सहाच्या जागी योगायोगाने तीन किंवा दहाही सापडले असते. हिशोब केला तर खरी संख्या साधारण १०० ते ६०० यांमध्ये कुठेही असू शकते. शिवाय समजा, एखादी चाचणी निरोगी माणसांपैकी दोनशेत एकाला चुकून बाधित ठरवते. तर १,०७५ जणांत असे चुकीचे पाच निघतील. रोग दुर्मीळ असताना चांगली चाचणीही फसवू शकते. म्हणून अशा पाहणीत चाचणीचा दर्जा आधी विचारायचा असतो. या एका पाहणीवर मुलांशी तासभर बोलता येईल.

पुढे काय झाले?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. २०२० च्या उन्हाळ्यात फेरोने प्रवाशांची दारातच तपासणी करत बेटे उघडली. ऑगस्टमध्ये पुन्हा रुग्ण वाढले. ती लाटही शोध घेऊन थोपवली गेली. वर्ष संपले तेव्हा एकूण नोंदलेले रुग्ण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्काच होते. पहिला मृत्यू झाला जानेवारी २०२१ मध्ये.

त्यानंतर २०२१ च्या अखेरीपासून ओमिक्रॉन आला आणि सगळे बांध फुटले. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस निर्बंध उठवले गेले. नोंदलेल्या रुग्णांची संख्या शेवटी ३४,६५८ झाली, म्हणजे दर तीन माणसांमागे दोन. हे प्रमाण १८४६ च्या गोवराच्या जवळ जाते! मृत्यू झाले २८.

म्हणजे फेरोने करोनाला हरवले का? नाही. विषाणू बेटावर पोचला आणि घरोघरी गेला. मग पहिल्या दोन वर्षांची मेहनत वाया गेली का? तेही नाही. ३४,६५८ रुग्णांत २८ मृत्यू म्हणजे दहा हजारांत आठ. लस नसताना युरोपातल्या लोकसंख्येत लागण झालेल्यांपैकी शंभरात अर्धा ते एक मृत्यू होत असावा, असे अंदाज २०२० मध्ये होते. तेवढीच माणसे २०२० मध्ये आजारी पडली असती तर सुमारे पावणेदोनशे ते साडेतीनशे मृत्यू झाले असते. हा फरक कशाने पडला? २०२० च्या अखेरीस डेन्मार्कमार्फत लस पोचली होती आणि मोठी साथ येण्याआधी बहुतेक प्रौढांचे लसीकरण झाले होते. ओमिक्रॉन हा प्रकारही आधीच्या डेल्टाहून सौम्य होता. श्रेयाचा किती वाटा लशीचा आणि किती ओमिक्रॉनचा, हे या एका उदाहरणावरून वेगळे काढता येत नाही, हेही मुलांना सांगायला हवे.

म्हणजे फेरोने मिळवला तो वेळ. पानुमने पाहिलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. १७८१ नंतर ६५ वर्षे गोवर आला नाही, म्हणून १८४६ मध्ये जवळजवळ सगळे बेट गोवराला नवखे होते. रोग दूर ठेवल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. वाळलेल्या गवतासारखी नवखी माणसे साठत जातात. दार लावून आपण फक्त दिवस पुढे ढकलतो. त्या दिवसांचे आपण काय करतो यावर सगळे अवलंबून. १८४६ च्या आधीच्या ६५ वर्षांत करण्याजोगे काही नव्हते, कारण गोवराची लसच नव्हती. २०२० आणि २०२१ मध्ये होते, आणि ते केले गेले.

तुलना करताना

इथवर सांगितल्यावर वर्गातले एखादे चौकस मूल विचारील, "मग आपलं काय?" फेरोत ५३ हजारांमागे २८, म्हणजे लाखामागे सुमारे ५३ मृत्यू. भारतात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ५ लाख ३० हजार, म्हणजे लाखामागे सुमारे ३८. म्हणजे आपण फेरोहून सरस? घाई नको. फेरोत वृद्धांचे प्रमाण आपल्याहून बरेच जास्त आहे. आणि फेरोत मृत्यू नोंदीतून सुटणे जवळजवळ अशक्य. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये केलेल्या अंदाजात भारतातले २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले जादा मृत्यू ४७ लाख धरले होते. भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. या वादाचा निकाल वर्गात लावायचा नाही. पण दोन आकड्यांची तुलना करण्याआधी ते दोन्ही सारख्याच रीतीने मोजले गेले का, हे विचारायची सवय मुलांना लागली पाहिजे.

आमच्या चुकीबद्दल दोन शब्द. आम्ही खोटे काही सांगितले नव्हते. घाबरलेल्या मुलांना धीर हवा होता आणि तो दिला याची खंत नाही. पण विज्ञानाची गोष्ट मध्येच थांबवून 'आणि ते जिंकले' असे म्हणण्याचा मोह आम्हाला आवरला नाही. साथ चालू असताना कोणीही जिंकलेले नसते. 'आत्तापर्यंत एवढे झाले आहे, पुढचे आपण पाहत राहू' इतके म्हटले असते तरी पुरे होते. मुलांना ते झेपले असते. पुढे काय झाले हा प्रश्न त्यांच्यातल्याच एकीने विचारला होता.

ती मुलगी एव्हाना शाळा सोडून गेली आहे. उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला. या वर्षी नववीच्या वर्गात पानुमचे ते दहा शिकारी, १,०७५ रक्तनमुने आणि ३४,६५८ रुग्ण हे सगळे आम्ही एकत्र मांडणार आहोत. आपणही मांडून पाहा, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते आम्हाला जरूर कळवा.